सहीचा कागद आमच्यापुढे ठेवण्याआधी रुग्णाशी बोला

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

किडनी, कॅन्सर, हृदय, मेंदू यांवर उपचार करणाऱ्या आणि आयसीयू सांभाळणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी हे पत्र आहे. तुम्ही सिव्हिलमधले असा, सहकारी रुग्णालयातले असा, नाहीतर स्वतःचं नर्सिंग होम चालवणारे असा. म्हाताऱ्या, गंभीर आजारी माणसाच्या घरच्यांना बाजूला घेऊन "काय करायचं ते ठरवा आणि सांगा" असं तुम्हाला जवळजवळ रोज म्हणावं लागतं. माझं मागणं एवढंच, की हा प्रश्न आम्हाला विचारण्याआधी रुग्णाला विचारा. तो बोलू शकतोय तोवर विचारा. त्याला कळेल अशा भाषेत विचारा.

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, उभी हयात पूर्व भागातल्या पॉवरलूमवर काढली. चादरी विणल्या, टॉवेल विणले. मधुमेह जुना होता, पुढे हृदय कमजोर झालं आणि पंच्याहत्तरीनंतर किडन्या निकामी व्हायला लागल्या. किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा दोनेक वर्षं चढत होता. दर तपासणीला गोळ्या बदलून मिळायच्या, मीठ कमी करा म्हणून सांगितलं जायचं. हा आकडा आपल्याला कुठे नेऊन ठेवणार आहे, हे ना अण्णांना कोणी सांगितलं ना आम्हाला. मग एका पावसाळ्यात पायांची सूज पोटापर्यंत चढली, आडवं झालं की धाप लागायची. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या भावाला व्हरांड्यात बोलावणं आलं. डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल, मानेतून नळी टाकू, इथे सही करा. कागद इंग्रजीत होता. काका, भाऊ, बहीण, मी असे सगळे तिथे कोंडाळं करून उभे, आणि काचेच्या दारापलीकडे अण्णा उशीला टेकून आमचे चेहरे वाचत होते. मी आत गेले तर म्हणाले, "बाहेर काय बोलायलेत ग एवढं? माझंच ना?"

त्याच दिवशी दुपारी घरपट्टी कुठवर भरली आहे आणि पावत्या कुठल्या डब्यात आहेत हे त्यांनी भावाला बारकाईने समजावून सांगितलं होतं. म्हणजे भान शाबूत होतं. सही करणारा हातही शाबूत होता. तरी ज्याच्या मानेत नळी जायची होती त्याच्यापर्यंत तो कागद पोचलाच नाही.

त्या रात्रीचं डायलिसिस गरजेचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फुप्फुसात साचलेलं पाणी उतरलं, श्वास मोकळा झाला. तक्रार आहे ती त्याआधीच्या दोन वर्षांबद्दल. या उशिराची किंमत शरीर मोजतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, करायचा तर तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसाला कधी त्याहून जास्त. बोलणं वेळेत झालं तर तो आधी करून ठेवता येतो. घरच्या घरी पोटातून करायच्या डायलिसिसचा विचार करता येतो. डायलिसिस न घेता फक्त औषधांवर राहायचं का, हेही शांतपणे ठरवता येतं. बोलणंच झालं नाही तर उरते मानेतली तात्पुरती नळी आणि तिच्याबरोबर येणारी जंतुसंसर्गाची भीती. एवढंच नाही, मध्यरात्री धापा टाकणाऱ्या माणसापुढे आणि घाबरलेल्या पोरांपुढे पर्याय मांडले तरी ते पर्याय राहत नाहीत. तिथे फक्त "हो" म्हणता येतं.

पुढे कायमचं डायलिसिस चालू ठेवायचं का, हा प्रश्न आला तेव्हा आम्हा भावंडांत फूट पडली. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. तो फोनवरून म्हणाला, जे जे करता येईल ते सगळं करा, पैशाचं मी बघतो. अण्णांना उचलून संडासला नेणारा, रात्री पाठ चोळणारा थोरला भाऊ म्हणाला, किती हाल करायचे त्यांचे, आता पुरे. बहिणीला वाटत होतं आणखी कोणाला तरी दाखवावं, मुंबईला न्यावं. प्रत्येकाच्या म्हणण्यात माया होती आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. सोलापूरच्या किती घरांत हे असंच चालतं, ते तुम्ही दारात उभे राहून बघता. शिकलेली मुलं पुण्याला, म्हातारी माणसं इथे, आणि शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आलेला मुलगा व इथे राबलेला मुलगा यांचं तुमच्याच केबिनमध्ये भांडण.

आमचं भांडण मिटवलं ते एका किडनीतज्ज्ञांनी. दुसरं मत घ्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. फाइल चाळून झाल्यावर त्यांनी आम्हाला, "तुम्ही जरा थांबा, मला यांच्याशी बोलू द्या," म्हटलं आणि स्टूल ओढून अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसले. पहिला प्रश्न आजाराचा नव्हताच. "काका, दिवसभर काय करता?" अण्णांनी सांगितलं, सकाळी कट्ट्यावर बसतो, पेपर वाचून घेतो नातवाकडून, संध्याकाळी जमलं तर विठ्ठलाच्या देवळापर्यंत जातो. मग डॉक्टरांनी विचारलं, "आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? सगळं सांगू, का मुलांशीच बोलू?" अण्णा म्हणाले, "मला सांगा की. अंग माझं आहे."

मग त्यांनी सांगितलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. त्या दिवशी पुष्कळदा थकवा येतो. पाणी मोजून प्यायचं. (ज्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तिथे दिवसाला लिटरभर पाणी म्हणजे काय, ते अण्णांना बरोबर कळलं. पहिला प्रश्न त्यांनी त्याचाच विचारला.) डायलिसिसने आयुष्य वाढू शकतं, पण पंच्याहत्तरीच्या पुढे आणि हृदय कमजोर असताना ते किती वाढेल याची खात्री देता येत नाही. डायलिसिस नको म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. सूज, खाज, मळमळ, धाप यांवर औषधं असतात आणि ती शेवटपर्यंत देता येतात. हे शेवटचं वाक्य आम्हा मुलांपैकी कोणालाही माहीत नव्हतं. "नको" म्हणजे वाऱ्यावर सोडणं असं आम्ही धरून चाललो होतो.

माझ्या तिन्ही भावंडांची तीन मतं होती, त्याला माझी द्विधा जोडा, आणि अण्णांचं मत यातलं एकही नव्हतं. ते म्हणाले, "दोन महिने करून बघतो. चालता यायला लागलं तर पुढं. आषाढीला पायी नको, गाडीनं पंढरपूर झालं तरी बास. नुसतं पलंगावर पडून मशीनला जायचं असलं तर बंद करायचं. आणि घशात नळी घालायची नाही." डॉक्टरांनी हे फाइलमध्ये लिहिलं, अण्णांच्याच शब्दांत, मराठीत. खाली अण्णांची सही घेतली, दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली आणि आम्हा सगळ्यांना आत बोलावून ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. एवढ्याला अर्धा तासही लागला नसेल.

अण्णा पंढरपूरला गेले. डायलिसिसच्या मधल्या दिवशी, भाड्याच्या गाडीनं, आणि कळसाचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत आले. हातावर फिस्टुला झाल्यावर ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोट धरून त्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ, चालू लूमच्या चौकटीला हात लावल्यावर लागते तशी थरथर आहे का नाही?" त्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायला आलेल्या नव्या सिस्टरला त्यांनी स्वतः थांबवलं. निर्णय त्यांचा होता, म्हणून त्याची राखणही त्यांनीच केली. पथ्यही आमच्यापेक्षा तेच कडक पाळायचे. वर्षाहून अधिक काळ चांगला गेला. मग ताकद उतरत गेली, दर वेळी मशीनवर असताना ब्लडप्रेशर खाली जायला लागलं, आणि एके दिवशी "आता बंद" असं त्यांनीच सांगितलं. फाइलमधलं ते पान पुन्हा काढलं गेलं. अण्णा घरी गेले. आज आमच्यात "तू थांबवलंस", "तू हाल केलेस" असं कोणी कोणाला म्हणत नाही, पुण्याचा भाऊही नाही. मृत्यूनंतर भावाभावांचं बोलणं तुटलेली घरं माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून त्या अर्ध्या तासाची किंमत मी जाणते.

तुम्ही म्हणाल, नातेवाईकच "त्यांना काही सांगू नका" म्हणून हात जोडतात. खरं आहे. आमच्या काकांनीही हेच सांगितलं होतं. पण रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. त्याला फक्त ते कोणापाशी बोलता येत नाही, आणि आम्ही त्याच्यासमोर "बरं वाटेल, बरं वाटेल" करत राहतो. त्याला सगळं सांगितलंच पाहिजे असंही मी म्हणत नाही. "मला नको सांगू, पोराशी बोला" हे उत्तरही त्याचा हक्क आहे. पण ते त्याच्या तोंडून यावं. किती ऐकायचं आणि कोणी ठरवायचं, हे त्याला विचारणं एवढं तुमच्या हातात आहे. शिवाय ते नातेवाइकांपेक्षा तुम्ही विचारलेलं सोपं जातं, कारण मुलगा विचारायला गेला की बापाला मुलाची काळजी वाटते आणि मुलाच्या घशात हुंदका येतो.

आणि आयांबद्दल मला वेगळं लिहायचं आहे. डायलिसिसच्या वॉर्डात आमच्या शेजारच्या पलंगावर एक मावशी असायच्या, जन्मभर विड्या वळलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचे सगळे निर्णय जावई घ्यायचा. माणूस चांगला होता, धावपळ करणारा. मावशी प्रत्येक गोष्टीला मान हलवायच्या. एकदा ड्युटीवर तेलुगू येणारी सिस्टर होती. तिने सहज चार शब्द विचारले तर मावशी बोलायच्या थांबेनात. या सगळ्याचे पैसे लेकीच्या घरातून जातात अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्या सुया घेणं बंद करा म्हणत होत्या. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत चालू आहेत, हे त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. सिस्टरने आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, पलंगापाशी बोलावून घेतलं, त्याने कार्ड दाखवून समजावलं, तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं बदललं. आपल्याकडची बाई "माझ्यावर पैसे घालू नका" म्हणते तेव्हा ते तिचं उपचाराबद्दलचं मत आहे असं समजू नका. आधी तिला खर्चाचं खरं सांगा. योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आपला उपचार त्यात बसतो की नाही, वरून काय भरावं लागेल, हे तिला कळू द्या. मग पाच मिनिटं एकटीला विचारा, मुलगा-सून-जावई कोणी जवळ नसताना.

भाषेचं तर सोलापुरात वेगळं सांगायला नको. पूर्व भाग तेलुगू बोलतो, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची माणसं कन्नड, शहरातली किती तरी घरं उर्दू. विजयपूर, कलबुर्गीकडून, धाराशिवकडून रुग्ण आपल्याकडेच येतात. तुमच्याच सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी यांच्यात या सगळ्या भाषा येणारी माणसं आहेत. नाष्ट्याला काय हवं ते त्या भाषेत विचारलं जातं, पण मानेत नळी टाकायचा कागद इंग्रजीत येतो. हे बदलायला पैसा लागत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही नोंदवते, कारण ही कोणाच्या मेहेरबानीची बाब राहिलेली नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट सांगितलं, की सज्ञान आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या जागी त्याच्या आईची संमती चालत नाही. तिथे रुग्ण भुलीखाली होती आणि शस्त्रक्रिया वाढवायला आईची संमती घेतली होती. मग पलंगावर जागा असलेल्या बापाच्या जागी मुलाची सही कशी चालावी? महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्ण हक्कांची सनद आली. आजार काय आहे, उपचार कोणते, त्यातून काय साधेल, गुंतागुंत काय होऊ शकते आणि खर्च किती, हे जाणून घेण्याचा हक्क त्यात आहे, दुसरं मत घेण्याचाही आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने उपचार नाकारण्याचा हक्क आणि पुढची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला.

ही इच्छा लिहून ठेवणं २०२३ पासून सोपं झालं आहे. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागायचं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्या कागदाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. कागद अमलात आणायची वेळ आली तर रुग्णालयात तीन डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, आणि त्या दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं असतं. हे ऐनवेळी जमवता येणारं काम नाही. आपल्या रुग्णालयात ही मंडळं कोणाची असतील, हे तुम्ही आजच ठरवून ठेवा. महापालिकेत प्रत कोणाकडे द्यायची, त्या अधिकाऱ्याचं पद आणि खोलीचा क्रमांक तुमच्या नोटीस बोर्डावर लागू द्या. चौकशीच्या खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं पाहिजे.

डायलिसिस थांबवल्यानंतरच्या दिवसांबद्दल थोडं. अण्णांना घरी आणल्यावर धाप आणि अस्वस्थपणा यांवर औषध द्यायला, घरी येऊन बघायला तयार असलेला डॉक्टर शोधताना आमची दमछाक झाली. शेवटी गल्लीतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी जबाबदारी घेतली आणि त्या किडनीतज्ज्ञांनी फोनवर त्यांना साथ दिली. हे आमचं नशीब, व्यवस्था नव्हे. बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी काळजी, म्हणजे परिहार सेवा, तिचा देशाचा कार्यक्रम २०१२ सालचा आहे. तीव्र वेदना आणि धाप यांवर दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनसाठी अनेक परवाने गोळा करायचा जाच २०१४ च्या कायदा दुरुस्तीने कमी केला, मान्यताप्राप्त संस्थेला आता ते ठेवता येतं. (किडनीच्या रुग्णाला मॉर्फिन जपून द्यावं लागतं, दुसरी औषधं बघावी लागतात. हे माहीत असलेला माणूसच तर हवा असतो.) पुण्यात वारज्याला सिप्लाचं परिहार सेवा केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं. पण ते सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर आहे आणि शेवटच्या पंधरवड्यातला माणूस अडीचशे किलोमीटर जात नाही. कॅन्सरसाठी बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात उभं राहिलं, तेही माणसांनी मनावर घेतलं म्हणूनच. वेदना आणि धाप यांचा विचार करणारी ओपीडी, आठवड्यातून एक दिवस का होईना, सोलापुरात तुम्ही मनावर घेतलंत तर चालू शकते.

वेळ नसतो, हे मला मान्य आहे. सिव्हिलच्या ओपीडीची रांग मी पाहिली आहे, रात्रभर जागलेल्या निवासी डॉक्टरांचे डोळेही पाहिले आहेत. रुग्ण दगावला की जमाव चालून येतो, ही भीतीही खरी आहे. डॉक्टरवर हात उचलणाऱ्याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही. पण अण्णांच्या फाइलमधलं ते एक पान आम्हाला जेवढं उपयोगी पडलं तेवढंच डॉक्टरांनाही पडलं. त्यांच्यावर संशय घ्यायला आमच्यापाशी जागाच नव्हती. जे चाललं होतं ते अण्णांनी सांगितलेलं, लिहिलेलं, सगळ्यांसमोर वाचलेलं होतं.

तेव्हा माझी विनंती तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीसाठी आहे. बरा न होणारा आजार ज्या दिवशी कळेल त्यानंतर लवकरात लवकर एक भेट फक्त बोलण्यासाठी ठेवावी, तिची वेगळी फी लावली तरी चालेल, लोक देतील. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना सोबत घेऊन आठवड्यातला एक दुपारचा वेळ ठरवावा. रुग्णाला काय हवं आणि काय नको याचं एक साधं पान मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापून प्रत्येक फाइलच्या आत, पहिल्या पानावर लावावं. त्यावर पुन्हा विचारायची तारीख असावी, कारण माणसाचं मत बदलतं आणि बदलायला मोकळीक हवी.

छपाईचा खर्च आम्ही काही कुटुंबं मिळून उचलायला तयार आहोत. तेलुगू मजकूर वाचून दुरुस्त करून देतो असं त्या मावशींच्या जावयाने मला सांगून ठेवलं आहे. कन्नड आणि उर्दूसाठी ओळखीतल्या दोन शिक्षकांनी होकार दिला आहे. मराठी मसुदा मी लिहून ठेवला आहे. त्यातलं वैद्यकीय चूक-बरोबर तपासायला तुमच्यापैकी एक-दोघांनी पुढे यावं.

आपली,
एका रुग्णाची मुलगी,
सोलापूर